पूर ओसरल्यावर: पंचनाम्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सोप्यात शिरलं. २००५ ला ते पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, म्हणून घरातले सगळे निवांत होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका पातळी धरतात. त्या वर्षी नदी ५७ फुटांवर गेली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेतल्या छावणीत गेलो. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच.

दोन्ही वेळा नुकसान जवळपास सारखं होतं. मदत मात्र पहिल्या वेळी अर्धीमुर्धी आणि फार उशिरा मिळाली, दुसऱ्या वेळी पूर्ण मिळाली. मधल्या दोन वर्षांत आमची कुठे ओळख झाली नव्हती. सरकारी मदतीचं काम कसं चालतं एवढंच कळलं होतं. तेव्हापासून पाऊस वाढला की गल्लीतल्या बायका कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. हे महाराष्ट्रातल्या पूर आणि अतिवृष्टीपुरतं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. घर, पीक आणि जनावरांची सरकारी मदत अर्ज केल्यामुळे मिळत नाही, ती पंचनाम्यात नाव आल्यामुळे मिळते. पूर ओसरला की लोक झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लावतात, छापील अर्ज विकत घेतात, तहसील कचेरीत गर्दी करतात. त्याच वेळी गावात पंचनामा सुरू असतो आणि त्यांच्या घराला कुलूप असतं. आमचं २०१९ ला अगदी हेच झालं. आम्ही छावणीत होतो, पथक येऊन गेलं आणि यादीत आमच्या नावापुढे 'घर बंद' एवढीच नोंद राहिली. ते दोन शब्द खोडून घ्यायला पुढचे कित्येक महिने गेले.

१. झाडू हातात घेण्याआधी मोबाईल हातात घ्या

पाणी गेल्यावर घर बघवत नाही. गुडघाभर गाळ, त्याचा वास, उलटं पडलेलं कपाट. पहिली इच्छा सगळं धुऊन काढायची होते. तासभर थांबा.

आधी वीज बंद असल्याची खात्री करा, भिंत झुकली नाही ना ते बाहेरूनच बघा आणि मग आत जाऊन फोटो काढा. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप मोफत मिळतं, ते घालून घ्या. फोटो असे हवेत:

- समोरून घराचा एक, ज्यात घर क्रमांकाची पाटी किंवा शेजारचं ओळखू येणारं देऊळ, शाळा, पार दिसेल.
- भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, शेजारी मोजपट्टी किंवा उभा माणूस धरून. ही रेषा तुमचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. भिंत धुतली की ती गेली.
- प्रत्येक खोलीचा, गाळासकट.
- भिजलेलं धान्य, अंथरूण, भांडी, शिलाई मशीन, फ्रीज, पंप यांचे वेगवेगळे.
- भिंतीच्या भेगा, खचलेला पाया, उडालेले पत्रे.

घरातल्या कोणाचा तरी चेहरा दोन-तीन फोटोंत येऊ द्या. नंतर कोणी विचारलं की हे घर तुमचंच कशावरून, तर उत्तर फोटोतच असतं.

एका वहीत पाणी घरात कधी शिरलं आणि कधी निघालं ते तारीख-वेळेसह लिहा. कपडे आणि भांड्यांच्या मदतीसाठी केंद्राच्या निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असण्याची अट आहे. मोठ्या पुरात राज्य सरकार अशा अटी सैल करतं, पण नोंद असलेली बरी. पाण्याच्या पातळीचे रोजचे आकडे जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे विभाग जाहीर करतात. ते मोबाईलवर येतात तेव्हाच साठवून ठेवा.

शेतात जायला वाट झाली की तिथेही हेच करा. वाहून गेलेला बांध, उपटलेली माती, साचलेला गाळ आणि आडवं पडलेलं पीक, यांचे फोटो गटाच्या चारही कोपऱ्यांवरून घ्या.

२. जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी डॉक्टर

हे वेगळं सांगते आहे, कारण यात चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही. मेलेलं जनावर दारात ठेवणं जिवावर येतं आणि रोगराईचीही भीती असते, म्हणून लोक लगेच पुरतात. पुरलेल्या जनावराचं शवविच्छेदन होत नाही आणि त्या दाखल्याशिवाय प्रकरण अडतं. तलाठी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, दोघांनाही फोन करा. जनावराचा फोटो कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वाचता येईल असा काढा. बिल्ला कापून फेकू नका.

जनावर वाहून गेलं असेल, तर सरपंच, पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांच्या जबाबासह पंचनामा करायला सांगा. दवाखान्यातली लसीकरणाची नोंद किंवा दूध डेअरीचं पुस्तक ते जनावर तुमच्याकडे होतं हे दाखवायला उपयोगी पडतं.

३. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा

विमा आणि सरकारी मदत ही दोन वेगळी खाती आहेत. एकाने पंचनामा केला म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही.

पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल, तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. १४४४७ या मोफत क्रमांकावर किंवा पीक विम्याच्या ॲपवरून कळवता येतं. तक्रार क्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. ७२ तास फार थोडे असतात. त्यातले दोन दिवस तर छावणीतच जातात, म्हणून विम्याच्या पावतीचा फोटो आधीच मोबाईलमध्ये असावा.

दुकान किंवा गाडीचा विमा असेल तर कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत माल हलवू नका. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह टाळा. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की इंजिन जातं आणि कंपनी तो खर्च नाकारू शकते.

४. पंचनाम्याच्या दिवशी घरी माणूस हवा

घराचा आणि शेताचा पंचनामा वेगवेगळी माणसं करतात. पिकाचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. या तिघांची पदनावं अलीकडे बदलली आहेत, पण गावात जुन्याच नावांनी विचारलंत तरी चालतं. पडलेल्या घरासाठी त्यांच्यासोबत बांधकामाचा अभियंता लागतो. शहरात हे काम नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या पथकाकडे असतं.

पथक कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत येणार हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. सगळ्यांनी छावणीतून परत येणं जमत नसेल, तर एका मोठ्या माणसाला दिवसभर घराशी थांबवा. तेही शक्य नसेल तर दाराला मोबाईल नंबर लिहिलेला पुठ्ठा बांधा आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा. २०२१ ला आमच्या गल्लीने पाळ्या लावल्या होत्या. दोन घरांची माणसं थांबायची आणि पथक आलं की बाकीच्यांना फोन करायची. त्या वर्षी गल्लीतलं एकही घर 'बंद' लागलं नाही.

पथकातल्या लोकांशी वाद घालू नका. तेही चिखलातून शंभर घरं पालथी घालत असतात. त्यांना फोटो दाखवा, पाण्याची रेषा दाखवा, मागच्या खोलीत घेऊन जा. बरेचसे पंचनामे पुढच्या दारातून होतात आणि मागची पडलेली भिंत नोंदीत येतच नाही.

५. सही करण्याआधी वाचा

पंचनाम्याच्या कागदावर तुमची सही किंवा अंगठा घेतात. थकलेला माणूस न वाचता सही करतो. तसं करू नका. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाला वाचायला लावा. या गोष्टी बघा:

*नाव.* आधार कार्डावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. 'सुलाबाई' आणि 'सुलोचना' ही सरकारी यादीत दोन माणसं असतात.

*नुकसानीचा शब्द.* सगळा खेळ इथे आहे. घर 'अंशतः' पडलं की 'पूर्णतः', 'पक्कं' की 'कच्चं', यावर रक्कम ठरते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. एका शब्दाने लाखाचा फरक पडतो. घर राहण्याजोगं उरलं नसेल तर ते अभियंत्याला स्पष्ट सांगा आणि तसं लिहून घ्या.

मातीच्या घरांबद्दल एक जास्तीची सूचना. मातीची भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि ऊन पडून वाळायला लागली की कोसळते. पंचनामा होऊन गेल्यावर चार-आठ दिवसांनी घर पडल्याची कितीतरी उदाहरणं मी पाहिली आहेत. तसं झालं तर लगेच नवे फोटो काढा आणि फेरपंचनाम्याची लेखी मागणी करा. 'एकदा झालाय' असं कोणी म्हणालं म्हणून परत फिरू नका. अशा भिंतीशेजारी झोपू तर मुळीच नका.

*क्षेत्र.* शेताचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. तुमचे ४० गुंठे म्हणजे ०.४० हेक्टर. ते ०.०४ लागलं तर दहावा हिस्साच मदत येईल.

*नुकसानीची टक्केवारी.* पिकाची मदत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीलाच मिळते. ३० लिहिलं तर शून्य.

*कुटुंब.* एका घरात दोन भाऊ वेगळे राहत असतील तर दोघांची नोंद वेगळी हवी, आणि त्याला आधार म्हणजे वेगळं रेशनकार्ड. पुरानंतर कार्ड वेगळं करून उपयोग होत नाही. भाडेकरूंनी लक्षात घ्यावं, की घराची भिंत मालकाची असली तरी बुडालेली भांडी आणि कपडे तुमचे आहेत. 'राहणारं कुटुंब' म्हणून तुमचं नाव लिहायला सांगा आणि भाडेकरार, वीजबिल किंवा गॅसचं पुस्तक दाखवा.

सही झाल्यावर कागदाचा फोटो काढू द्या अशी विनंती करा. माझ्या अनुभवात बहुतेक जण काढू देतात.

६. साधारण किती मिळतं

वर सांगितलेल्याच निकषांतले आणखी काही आकडे देते, म्हणजे यादी लागल्यावर तुम्हाला ताळा करता येईल.

- पीक: जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत.
- शेतातला गाळ काढणं: हेक्टरी १८,००० रुपये. जमीनच खरवडून गेली असेल तर हेक्टरी ४७,०००.
- दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५००, ओढकाम करणारा बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १०० रुपये. जनावरांच्या संख्येला मर्यादा आहे. मोठ्या दुधाळ जनावरांसाठी ती तीन आहे.
- झोपडी ८,००० आणि गोठा ३,००० रुपये.
- कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये, दर कुटुंबाला.
- मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये.

म्हणजे ४० गुंठे ऊस पूर्ण गेला तर या दराने ६,८०० रुपये होतात. ही रक्कम नुकसानभरपाई नाही, पुढच्या हंगामाला हातभार आहे. हे आधीच माहीत असलं की यादी बघून धक्का बसत नाही.

प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढतं आणि त्यात दर किंवा मर्यादा बदलू शकतात. २०१९ च्या पुरात ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये सानुग्रह अनुदान होतं. २०२१ ला पात्र दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये, आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त १०,००० रुपये जाहीर झाले; त्यासाठी स्थानिक मतदार यादीत नाव आणि रेशनकार्ड या अटी होत्या. पिकाच्या मदतीची मर्यादाही कधी दोन, कधी तीन हेक्टर राहिली आहे. म्हणून गेल्या वेळच्या आकड्यावरून भांडू नका. महसूल व वन विभागाचा तुमच्या आपत्तीसाठी निघालेला निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो उतरवून घ्या आणि सोबतचं परिशिष्टही वाचा.

७. कागदांची पिशवी

पंचनाम्यासाठी कागद नसले तरी पंचनामा होतो, त्यामुळे कागद भिजले म्हणून घाबरू नका. ते पुढे लागतात:

- आधार कार्ड आणि रेशनकार्ड
- बँक पासबुकचं पहिलं पान
- घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात प्रॉपर्टी कार्ड किंवा घरपट्टीची पावती
- शेतासाठी सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांक
- जनावरासाठी शवविच्छेदनाचा दाखला
- दुकानासाठी शॉप ॲक्टची नोंदणी किंवा परवाना, शक्य असेल तर खरेदीची बिलं
- सामायिक क्षेत्र असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र

हरवलेलं बरंच काही घरबसल्या परत मिळतं. ई-आधार मोबाईलवर उतरवता येतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. भिजलेला कागद असेल तर तो उन्हात न टाकता सावलीत, दोन कापडांमध्ये वाळवा, शाई टिकते.

सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर आत्ताच तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मयत माणसाच्या नावावर मदत मंजूर होते आणि तशीच पडून राहते. आमच्या नात्यात एका घरी तीन भावांत वारस नोंद रखडली म्हणून दोन पुरांचे पैसे अडकले. ई-पीक पाहणीचंही तसंच. सातबाऱ्यावर पीक नोंदलेलं नसेल तर शेतात काय होतं यावरून वाद होतो. ती नोंद मोबाईलवरून स्वतः करता येते, पण मुदतीत.

घरातलं माणूस गेलं असेल, तर कागद गोळा करायचं काम घरच्यांवर टाकू नका. गल्लीतल्या एका जबाबदार माणसाने पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती एकत्र करून तहसीलदारांकडे न्यावी. ही प्रकरणं तुलनेने लवकर निघतात.

८. नाव राहिलं किंवा चुकलं, तर लेखी द्या

अर्जाची खरी जागा ही आहे. तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर लिहा, छापील नमुना विकत घेण्याची गरज नाही. नाव, गाव, घर किंवा गट क्रमांक, पाणी कधी आलं, काय गेलं, पंचनाम्यात काय चुकलं आणि तुम्हाला काय हवं: नवा पंचनामा, फेरपंचनामा की नावातली दुरुस्ती. एका अर्जात एकच मागणी. चार-पाच फोटो छापून जोडा.

दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा. २०१९ ला मी तोंडी सांगून तीनदा परत आले. 'बघतो' असं उत्तर मिळायचं आणि मलाही ते खरं वाटायचं. चौथ्या वेळी लेखी दिलं, तेव्हा कुठे पुरवणी यादीत नाव लागलं.

ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर याद्या लागतात तेव्हा स्वतः जाऊन बघा. शेजारच्यांची नावंही वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना यादी लागल्याचंच कळत नाही.

९. खातं आणि आधार

पंचनामा बरोबर, यादीत नाव बरोबर आणि तरी पैसे नाहीत, असं झालं तर बहुतेक वेळा अडचण इथे असते. पिकाच्या मदतीची रक्कम आता आधार जोडलेल्या खात्यात जाते. तुम्ही दिलेल्या पासबुकातच येईल असं नाही. शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, तिथे ती जाते. कधीतरी एखाद्या शिबिरात उघडलेलं खातं आठवत नसतं आणि पैसे तिथे जाऊन बसलेले असतात.

माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. मोबाईल नंबर आधारशी जोडलेला नसेल तर बँकेत विचारा. खातं बंद पडलं असेल तर केवायसी देऊन चालू करून घ्या.

यादी संगणकावर चढली की प्रत्येक लाभार्थ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. तो तलाठ्याकडे किंवा यादीत सापडतो. तो आणि आधार घेऊन सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी करावी लागते आणि पावती मिळते. पावतीवर नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम असते. तिथे चूक दिसली तर पुढे न जाता तक्रार नोंदवायला सांगा. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत, त्यांना सकाळी हात धुऊन न्या. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना काही वेळा ई-केवायसीतून सूट दिली जाते, तलाठ्याला विचारून मगच रांगेत उभे राहा.

या टप्प्यावर फसवणूक फार होते. 'तुमची मदत मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. मदत मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला काहीही देऊ नका. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जात वळती करू नये अशी सूचना बँकांना दिलेली असते. बँकेने कापलीच तर निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत तहसीलदारांना पाठवा. पीक कर्जाच्या पुनर्गठनासाठी मात्र बँकेत वेगळा अर्ज करावा लागतो, तो मदतीची वाट न बघता करा.

१०. तरीही पैसे आले नाहीत तर

आधी तलाठ्याकडून नेमकं कुठे अडलं ते काढा: यादीतच नाव नाही, ई-केवायसी राहिली, की बँकेतून पैसे परत गेले. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि कारण न कळता वर तक्रार केली तर ती फिरून तलाठ्याकडेच येते.

त्यानंतर पोच जोडून तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी. आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून तारीख बघून निघा. पूर चालू असताना अडकला असाल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, तो मदतीच्या रकमेच्या चौकशीसाठी अडवून ठेवू नका.

कुठूनच उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'मला मदत का मिळाली नाही' असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: माझ्या घर क्रमांकाच्या पंचनाम्याची प्रत, गावाच्या मंजूर यादीची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावरची कार्यवाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील करा.

आमच्या शेजारच्या काकूंना तो अर्ज मी लिहून दिला होता. पंचनाम्याची प्रत आली तेव्हा दिसलं, की त्यांच्या घर क्रमांकातला शेवटचा आकडा चुकला होता. दुरुस्तीचा अर्ज आणि नमुना ८ चा उतारा घेऊन आम्ही दोघी पुन्हा तहसीलला गेलो आणि पोच घेऊन परत आलो. पुढच्या पुरवणी यादीत त्यांचं नाव होतं.